हाताच्या मापाची मूठ : एअर पिस्तूल शिकतानाचे चौदा महिने

पिस्तुलाची मूठ आपल्या हाताला मोठी आहे, एवढी साधी गोष्ट कळायला मला पाच महिने आणि एक दुखरे कोपर लागले. ती मूठ हाताच्या मापाची करून घेऊन एका स्पर्धेत साठ छर्रे झाडेपर्यंत आणखी आठ महिने गेले. या काळात मला जी माहिती हवी होती ती मराठीत एका जागी कुठे सापडली नाही, आणि जी सापडली ती दिवसाला चार-चार तास सराव करणाऱ्या शाळकरी मुलांसाठी होती. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करते. गळीत हंगामात रात्री नऊपर्यंत कार्यालयातच असते. माझ्यासारखे चाळिशीनंतर या खेळाकडे वळणारे आणखी काही जण असतील, असे समजून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

३ मे २०२४ रोजी मी क्लबच्या सदस्यत्वाचा अर्ज भरला. अर्जासोबत आधारकार्डाची प्रत, डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, चार छायाचित्रे, दोन जुन्या सदस्यांच्या शिफारशी आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले होते. शेवटच्या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो, परंतु पोलीस ठाण्यात एकदा समक्ष जावे लागले. तिथल्या हवालदारांनी कारणाच्या रकान्यात काय लिहू असे विचारले आणि मी ‘नेमबाजी’ म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे व एकदा माझ्या हातातल्या जेवणाच्या डब्याकडे पाहिले. प्रमाणपत्र एकोणीस दिवसांनी मिळाले. क्लबची वार्षिक वर्गणी ७,५०० रुपये होती. छर्ऱ्यांचा खर्च वेगळा. ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी पडताळणीचा अर्ज सर्वांत आधी करावा, कारण बाकीचे कागद एका दुपारी गोळा होतात.

रविवारी, २ जूनला, मी पहिल्यांदा रेंजवर उभी राहिले. दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार बाहेरून फार सोपा दिसतो. उभे राहायचे, एका हाताने पिस्तूल उचलायचे, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, आणि जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर मध्यबिंदू असलेल्या लक्ष्यावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारायचा. लक्ष्याचे काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याच्या मधोमध असलेले दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. नियमाने पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते. क्लबचे पिस्तूल किलोभराचे होते. किलोभर साखर हातात धरायला काय लागते, असे मला वाटले होते. ती साखर हात पूर्ण लांबवून, खांद्याच्या उंचीला, तासाभरात शंभर वेळा धरायची असते, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले.

जून आणि जुलै हे दोन महिने उत्साहात गेले. जुलैच्या अखेरीस पॅरिसमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले, १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवले, आणि आमच्या रेंजवर लेन मिळण्यासाठी आदल्या दिवशी वहीत नाव लिहावे लागू लागले. त्याच दिवसांत तुर्कस्तानच्या युसुफ डिकेच यांचे, डावा हात खिशात घालून उभे असलेले, छायाचित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. आमच्या कार्यालयात त्याचे ‘काय ऐट आहे’ म्हणून कौतुक झाले. वास्तविक पिस्तूल नेमबाज मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात ते ऐटीसाठी नसून, लोंबता हात हलला की खांदा हलतो आणि खांद्याबरोबर नळी हलते म्हणून. मला हे ठाऊक असल्याचा तेव्हा थोडा अभिमान वाटला होता. स्वतःच्या उजव्या हाताचे काय चालले आहे हे मात्र मला ठाऊक नव्हते.

माझे छर्रे सातत्याने डावीकडे आणि खाली जात. प्रशिक्षक सर म्हणत, “तुम्ही ट्रिगर झटकता आहात.” ते खरेच होते. मी झटका घालवण्यासाठी रोज रात्री घरी, रिकाम्या पिस्तुलाऐवजी पाण्याने भरलेली बाटली धरून बोट हळू ओढण्याचा सराव करीत असे. बाटलीवर बोट अगदी अलगद चाले. रेंजवर गेले की पुन्हा तेच. १५ सप्टेंबरच्या क्लबच्या अंतर्गत स्पर्धेत मला ६०० पैकी ४८९ गुण मिळाले, आणि शेवटच्या वीस छर्ऱ्यांच्या वेळी कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखे होऊ लागले. पुढच्या आठवड्यात कार्यालयात माऊस हलवतानाही दुखू लागले, तेव्हा २४ सप्टेंबरला मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी बोटांनी दाबत दाबत दुखरी जागा नेमकी शोधली आणि ‘गोल्फर्स एल्बो’ असे निदान केले. मी आयुष्यात गोल्फची काठी पाहिलीसुद्धा नाही, असे सांगितल्यावर त्या हसल्या आणि मनगट आत वळवून काहीतरी घट्ट धरण्याचे काम करणाऱ्या कुणालाही हे होते, असे म्हणाल्या. सहा आठवडे पिस्तूल बंद, दहा वेळा उपचार, प्रत्येकी ४०० रुपये. माऊस डाव्या हातात आला. पहिले तीन दिवस ताळेबंदातले आकडे भलत्याच रकान्यांत पडत होते.

त्या सहा आठवड्यांत मी जवळजवळ हा नाद सोडलाच होता. घरी कुणी बोलून दाखवले नाही, पण सासूबाईंनी एकदा भाजी निवडता निवडता “हाताला झेपेल तेवढंच करावं” असे म्हटले, आणि त्यांचे बरोबर आहे असे मला वाटले. वय झाले, स्नायू नाहीत, हात थरथरतो, अशी कारणे मी मनात पक्की केली होती. फिजिओथेरपिस्टचे एक वाक्य मात्र डोक्यात राहिले होते : मनगट आत वळवून. मी मनगट आत कशाला वळवत होते?

याचे उत्तर १० नोव्हेंबरला मिळाले. लष्करातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ नेमबाज महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आमच्या रेंजवर येतात. सगळे त्यांना काका म्हणतात. मी हलका सराव पुन्हा सुरू केला होता. इतर सगळे माझ्या लक्ष्याकडे पाहत, काका लक्ष्याकडे पाठ करून माझ्या हाताकडे पाहत उभे राहिले. पिस्तुलावर नेम धरण्यासाठी दोन साइट्स असतात : मागची खाचेची आणि पुढची, नळीच्या टोकाशी, त्या खाचेच्या मध्यावर दिसायला हवी अशी.

“ताई, डोळे मिटा, हात उचला, आरामात स्थिर करा, आणि मग डोळे उघडा. काहीही दुरुस्त करू नका. पुढची साइट कुठं दिसते ते फक्त सांगा.”

“खाचेत उजवीकडे.”

“पुन्हा.”

आम्ही हे दहा वेळा केले. आठ वेळा पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत उजव्या कडेला चिकटलेली होती. मग त्यांनी माझी तर्जनी पाहिली. ट्रिगरवर बोटाचे टोक जेमतेम पोहोचत होते आणि बोटाचा मागचा भाग मुठीच्या लाकडाला घासत होता. “मूठ एम आहे. तुमचा हात एस आहे, तोही जेमतेम. यात तुमचा काय दोष?”

त्यांनी पुढे जे समजावले ते मी वहीत आकृती काढून लिहून घेतले. मूठ मोठी असली की ट्रिगरपर्यंत बोट पोहोचवण्यासाठी आपला पंजा नकळत मुठीभोवती उजवीकडे सरकतो. मग नळी आणि पुढचा हात एका रेषेत राहत नाहीत. नळी हाताच्या उजवीकडे तोंड करते. लक्ष्यावर नेम आणायचा तर मनगट आत वळवून नळी डावीकडे ओढावी लागते, आणि तेवढा वेळ कोपराच्या आतल्या बाजूचे स्नायू ताणलेले राहतात. शिवाय बोटाच्या टोकाने ट्रिगर सरळ मागे ओढला जात नाही, तो डावीकडे ढकलला जातो. छर्रे डावीकडे जाण्याचे आणि कोपर दुखण्याचे मूळ एकच होते.

इथे थोडे गणित सांगणे भाग आहे, कारण ते समजल्याशिवाय मुठीवर एवढा खर्च आणि वेळ का घालवायचा हे पटणार नाही. सबंध हात लक्ष्याला समांतर पाच मिलिमीटर सरकला तर छर्राही पाच मिलिमीटरच सरकतो, आणि तो अजून दहाच्या वर्तुळातच असतो. म्हणजे ज्या थरथरीची मला भीती वाटत होती ती फारशी महाग पडत नाही. परंतु दोन साइट्समधले अंतर साधारण ३३० मिलिमीटर असते आणि लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे त्या अंतराच्या तीसपट लांब. पुढची साइट खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला गेली तर छर्रा पंधरा मिलिमीटर चुकतो आणि नऊ मिळतात. एक मिलिमीटर गेली तर तीस मिलिमीटर चुकतो आणि सात मिळतात. मनगटाचा कोन ज्या मुठीवर अवलंबून आहे ती मूठ त्यामुळे डोळ्याइतकीच महत्त्वाची ठरते. साइट्स आपोआप एका रेषेत येतील अशी मूठ असली पाहिजे. त्या प्रत्येक वेळी जोर लावून रेषेत आणाव्या लागल्या तर साठपैकी काही वेळा तरी जोर कमी-जास्त होणारच.

क्लबच्या पिस्तुलाची मूठ बदलणे शक्य नव्हते, कारण ते पिस्तूल माझ्यासारखे आणखी सहा जण वापरत होते. नवे परदेशी पिस्तूल माझ्या आवाक्याबाहेर होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्लबमधल्या एका मुलाने त्याचे जुने पिस्तूल विकायला काढले, ते मी १,०५,००० रुपयांना घेतले. त्यासाठी कन्येच्या नावाच्या नसलेल्या, स्वतःच्या एका मुदत ठेवीचा बळी दिला, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. या प्रकारच्या कमी ऊर्जेच्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी पिस्तुलाचा क्रमांक, दोघांच्या आधारकार्डांचे तपशील आणि सह्या असलेला विक्रीचा कागद आम्ही केला आणि त्याची एक प्रत मी पिस्तुलाच्या पेटीतच ठेवते. वापरलेले पिस्तूल घेताना हवेच्या सिलिंडरवर छापलेली मुदत आवर्जून पाहावी. माझ्या दोनपैकी एका सिलिंडरची मुदत जवळ आली होती, हे पैसे दिल्यानंतर माझ्या लक्षात आले.

त्या पिस्तुलालाही एम मूठ होती. ९ डिसेंबरला विक्रेत्याकडे एस मुठीची मागणी नोंदवली, १५,५०० रुपये आगाऊ भरले. “तीन आठवडे” असे सांगण्यात आले होते. ती १८ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे एकाहत्तर दिवसांनी हातात पडली. या काळात मी सतरा वेळा फोन केला. दर वेळी माल मुंबईपर्यंत आला होता. मागणी नोंदवण्यापूर्वी हाताचे माप नीट घ्या, एवढे मात्र सांगते. कागदावर पंजा ठेवून त्याची कड पेन्सिल उभी धरून काढायची, मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मोजायची, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजायचे. माझ्या पंजाची लांबी साडेसोळा सेंटिमीटर भरली. तर्जनीचे अंतर या सगळ्यांत महत्त्वाचे आहे, कारण ट्रिगरचे पाते थोडेफार पुढेमागे सरकवता येते, बोट लांबवता येत नाही.

नवी मूठ बसवली तेव्हा मला वाटले होते की काम झाले. काकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “हे ब्लाउजचं कापड आलं, ताई. शिवायचं अजून राहिलंय.”

शिवण्याचे हे काम फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चालले. लाकूड हाताला कुठे लागते आणि कुठे लागत नाही हे आधी पाहावे लागते. त्यासाठी मुली तळव्याला लिपस्टिक लावतात असे समजले; माझ्या घरी ती नव्हती, म्हणून मी खोबरेल तेलात कालवलेले कुंकू तळव्याला लावून मूठ धरली. अंगठ्याच्या बुडाशी आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेराशी लाल डाग उमटले; तळव्याच्या मध्यभागी मात्र लाकूड कोरे राहिले. म्हणजे हाताचे सगळे बळ दोन ठिकाणी एकवटत होते आणि मधे पोकळी होती. पोकळी असली की पकड दर वेळी निराळी बसते. जिथे डाग गडद तिथले लाकूड थोडे काढायचे आणि जिथे कोरे तिथे भर घालायची, हा नियम. भर आधी घालावी, लाकूड नंतर काढावे, असे काकांनी बजावले होते, कारण घातलेली भर खरवडता येते.

भर घालण्यासाठी नळ गळतीला वापरतात ते दोन वड्यांचे एम-सीलच वापरले. दोन्ही वड्या एकजीव होईपर्यंत मळल्या, मुठीच्या कोऱ्या जागी थापल्या, हाताला खोबरेल तेल चोपडले आणि पिस्तूल नेहमीसारखे धरून, हात लक्ष्याच्या दिशेने लांबवून उभी राहिले. बसून किंवा हात दुमडून धरले तर पंजाचा आकार वेगळा होतो आणि ठसा चुकतो; माझा पहिला ठसा असाच वाया गेला. या सगळ्या वेळी सिलिंडर काढून ठेवलेला आणि नळीत सुरक्षा पताका, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, घातलेली होती. घरात मूल असो वा नसो, पिस्तूल हाताळताना या दोन गोष्टींना पर्याय नाही.

घासण्याचे काम मात्र मला एकटीला जमले नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे मूठ घेऊन गेले तेव्हा ती सुटी मूठ पाहून त्यांनी ही कशाची आहे असे विचारले, आणि समजल्यावर दुकानाचे अर्धे दार लोटून घेतले. दोन मिनिटांनी त्यांची उत्सुकता भीतीवर मात करून गेली. अक्रोडाचे लाकूड आहे, एवढे त्यांनी वासावरून सांगितले. अर्धगोल कानस कुठे चालवायची आणि पॉलिश पेपर कुठे पुरे आहे हे त्यांच्याकडून शिकले. तर्जनीच्या मागचे लाकूड आम्ही दीड मिलिमीटर उतरवले, त्यामुळे बोट आणि मूठ यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली आणि बोट ओढताना मुठीला धक्का लागेनासा झाला. एका वेळी थोडेच घासायचे, मग रेंजवर दोनशे छर्रे, मग पुन्हा कुंकू, मग पुन्हा कानस, असे पाच वेळा झाले. सुतारकाकांनी शेवटपर्यंत मजुरी घेतली नाही. त्यांच्या नातवाला एकदा रेंज दाखवून आणले. घासताना नाकाला रुमाल बांधावा. एम-सीलची पूड बारीक असते आणि दोन दिवस घशात राहते.

मुठीच्या खालच्या बाजूला तळव्याला टेकू देणारी फळी असते, ती वरखाली सरकवता येते. ती हाताला लागावी पण आवळू नये. मी ती आधी इतकी घट्ट केली होती की अर्ध्या तासाने करंगळी बधिर होत असे. मुठीचा कोनही बदलता येतो : डोळे उघडल्यावर पुढची साइट सतत खाली दिसत असेल तर एका बाजूला, वर दिसत असेल तर दुसऱ्या बाजूला. हे स्क्रू एका दिवशी एकच आणि तोही अर्धा फेराच फिरवावा, आणि फिरवल्याची नोंद तारखेसह वहीत करावी. माझ्या २० एप्रिलच्या पानावर डोळे मिटून केलेल्या दहा प्रयत्नांपैकी सात वेळा साइट मध्यावर असल्याची नोंद आहे. त्या दिवशी छर्रे कुठे गेले हे मी लिहिलेले नाही. बहुधा लिहिण्याजोगे नसावे.

मूठ जमल्यावर उभे राहण्याची चूक उघडी पडली. आता साइट्स एका रेषेत येत, पण लक्ष्याच्या डावीकडे. हात डावीकडून उजवीकडे ओढून आणण्याऐवजी मागचा पाय थोडा सरकवायचा, म्हणजे सगळे शरीरच वळते, ही युक्ती सरांनी दाखवली. पावलांच्या जागा मी रेंजच्या जमिनीवर खडूने आखू लागले, आणि रोज पहिली पाच मिनिटे फक्त डोळे मिटणे, हात उचलणे आणि पाय सरकवणे यांत घालवू लागले.

डोळ्यांचे काम मे महिन्यात झाले आणि तुलनेने स्वस्तात. चाळिशीनंतर जवळचे धूसर होते, आणि पिस्तुलात तर पुढची साइट स्पष्ट दिसायला हवी. लक्ष्य अंधुक दिसले तरी चालते. डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचे माझे अंतर नवऱ्याने टेपने मोजले : ८४ सेंटिमीटर. चष्म्याच्या दुकानात हे अंतर सांगितल्यावर त्यांनी लांबच्या नंबरात ०.७५ वाढवून उजव्या डोळ्यासाठी काच करून दिली. फ्रेमसह ३,२०० रुपये. वाचायचा चष्मा लावून नेमबाजी करू नये, त्याची काच या अंतरासाठी नसते.

जूनमध्ये नेमबाज म्हणून ओळख क्रमांक, क्लबचे पत्र आणि प्रवेश शुल्क भरून पुण्यातल्या एका स्पर्धेसाठी नाव नोंदवले. स्पर्धा १२ जुलै २०२५ रोजी होती. नियमावली मी तीनदा वाचली होती. पिस्तूल धरणाऱ्या हातात बांगडी, घड्याळ, पट्टा यांपैकी काहीही चालत नाही, म्हणून आदल्या रात्री उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या; कोपराचा पट्टाही घरी ठेवला. बूट घोट्याच्या खालीच संपणारे, सपाट तळव्याचे होते. ट्रिगरचे वजन किमान ५०० ग्रॅम लागते, ते सरांनी ५२० वर ठेवून दिले, कारण ५०० वर नेमके ठेवले तर तपासणीच्या वजनाने ट्रिगर सुटण्याची शक्यता असते.

तपासणीच्या टेबलावर वजन झाले, ट्रिगर झाला. मग त्यांनी पिस्तूल मापाच्या पेटीत ठेवायला घेतले. एअर पिस्तूल त्याच्या सर्व टेकूंसह ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे, हा नियम मी वाचला होता. पन्नास मिलिमीटर म्हणजे मुठीची रुंदीही त्यात आली, हे मात्र माझ्या डोक्यात उतरले नव्हते. माझे एम-सील आणि तळव्याची फळी मिळून मूठ दोन मिलिमीटर जास्त रुंद झाली होती. पिस्तूल पेटीच्या काठावर अडकून राहिले. तपासनीस शांतपणे म्हणाले, “मॅडम, दुरुस्त करून आणा. तुमच्या रिलेला पन्नास मिनिटं आहेत.” रिले म्हणजे एकाच वेळी नेम धरणाऱ्या गटाची पाळी.

मी हिशेबाची माणूस आहे. दोन मिलिमीटरने आयुष्यात इतकी घाबरलेली मला आठवत नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा माझ्या पेटीत होता, तो त्या कामाला अगदीच अपुरा होता. शेजारच्या लेनवरच्या सोलापूरच्या एका मुलीच्या वडिलांनी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून कानस काढून दिली. स्वच्छतागृहामागच्या पायरीवर बसून, दोन महिने खपून घातलेली अंगठ्याकडची भर मी वीस मिनिटांत उतरवली. दुसऱ्यांदा पिस्तूल पेटीत सरकले. हातांना, सलवारीला आणि केसांना पांढरी पूड लागली होती.

पंधरा मिनिटे तयारी आणि सरावाची, मग साठ छर्ऱ्यांसाठी पंचाहत्तर मिनिटे. अंगठ्याला नेहमीचा आधार लागेना, त्यामुळे पहिल्या दहा छर्ऱ्यांत ८६. मग मी पिस्तूल टेबलावर ठेवले, पाणी प्यायले, आणि डोळे मिटून तीन वेळा हात उचलला. साइट मध्यावरच येत होती. बिघडला होता तो माझा धीर. त्यानंतर ९१, ९०, ८८, ९२, ९०. एकूण ५३७. यादीत माझे नाव निम्म्याच्या बरेच खाली होते. वर पंधरा वर्षांची मुले ५७० च्या आसपास होती, आणि त्यांच्यातली एक जण माझ्याकडे पाहून “काकू, भारी” असे म्हणून गेली. कोपर दुखले नाही, हे मला मोटारीत साताऱ्याच्या पुढे आल्यावर आठवले.

एकूण खर्च विचारणाऱ्यांसाठी : पिस्तूल, मूठ, चष्मा, उपचार, वर्गणी, छर्रे, प्रवेश शुल्क आणि प्रवास धरून चौदा महिन्यांत साधारण एक लाख साठ हजार रुपये. यातला पिस्तुलाचा खर्च लगेच करू नये. आधी क्लबमधल्या तीन-चार वेगवेगळ्या मुठी हातात धरून, डोळे मिटण्याचा तो प्रयोग करून पाहावा. त्याला काही पडत नाही.

परत आल्यावर पुढच्या आठवड्यात मी सुतारकाकांकडे पुन्हा गेले आणि आतून ४२० गुणिले २०० गुणिले ५० मिलिमीटर भरेल अशी प्लायची पेटी करून मागितली. या वेळी त्यांनी दार लोटले नाही आणि ३५० रुपये मजुरीही घेतली. पेटी आता क्लबच्या कपाटावर असते. मागच्या रविवारी आठवीतली एक मुलगी तिचे पिस्तूल त्यात घालून पाहत होती. ते सहज मावले, पण तिची तर्जनी ट्रिगरपर्यंत जेमतेम पोहोचत होती. मी पिशवीतून दोरा काढला.